साडूचं आयर्लंड

पांढुर्ण्याला आमच्या शाळेत शालिकराम कळंबे गुरुजी इतिहास शिकवत. माणूस अत्यंत सज्जन. कुणाचा पोरगा नागपूरला नोकरीला लागला, कुणाच्या घरावर स्लॅब चढला, की यांना मनापासून आनंद व्हायचा. जगातल्या सगळ्या माणसांविषयी त्यांच्या पोटात माया होती. सगळी म्हणजे, एक सोडून सगळी. तो एक जाम नदीच्या पलीकडे सावरगावात राहायचा आणि नात्याने गुरुजींचा साडू लागायचा.

मोहगावच्या पुंडलिकरावांना दोन मुली. थोरली वच्छला गुरुजींना दिलेली, धाकटी मंगला सावरगावच्या वामनराव घागऱ्यांना. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे म्हणजे एकाच पाटीवर मांडलेली दोन गणितं. येणारा-जाणारा उत्तरं पडताळून पाहणारच. त्यात वामनरावांचा संत्र्यांचा बगीचा, दाराशी राजदूत मोटरसायकल आणि आवाज असा, की सावरगावात खाकरले तर पांढुर्ण्यात कुणीतरी "ओ" द्यावी. केस चाळिशीतच पांढरे झाले, तेसुद्धा त्यांना शोभून दिसले. गुरुजींचे केस पांढरे होण्याच्या भानगडीत न पडता सरळ निघून गेले.

पण गुरुजींचं खरं दुखणं बगीचा नव्हता की राजदूत नव्हती. ते होतं मोहगावला. पुंडलिकराव वामनरावांना म्हणायचे, "चला, बैल पाहून येऊ. तुमच्याशिवाय मले समजत नाही." आणि गुरुजींना म्हणायचे, "तब्येत बरी आहे ना?" लग्नाला वीस वर्षं होत आली, गुरुजींना साधी सर्दीही झाली नव्हती, तरी प्रश्न तोच. वामनरावांनी काही म्हणायचं आणि मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, "हाव" म्हणायचं, असं ते चाललं होतं. गुरुजींचं जगाकडे एकच मागणं उरलं होतं. मामाजींनी एकदा, फक्त एकदा, चार लोकांत वामनरावाला 'नाही' म्हणावं.

एक गोष्ट मात्र गुरुजींजवळ अशी होती, की जी वामनरावांजवळ नव्हती. ती म्हणजे ब्रिटिश पार्लमेंट. सगळी नव्हे, अठराशे ब्याण्णवला निवडून आलेली आणि पंच्याण्णवला बरखास्त झालेली तेवढीच. सागर विद्यापीठातून एम.ए.ला खासगी बसले तेव्हा ती त्यांच्या अभ्यासात आली, ती पुन्हा गेलीच नाही. दादाभाई नौरोजी निवडून गेले ती हीच सभा. ऐंशी ओलांडलेला ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाला तोही हिच्यातच. पानठेल्यावर लोक मुद्दाम विचारत, "गुरुजी, आज काय झालं लंडनले?"

"आज मारामारी झाली. भर सभागृहात. खासदाराइनं एकमेकाइले बुकललं."

"मंग ते आपलेच लोक म्हना की!"

"अन् शेवटी सरकार कायच्यानं पडलं, माहीत आहे? फौजेले दारूगोळा कमी पडला म्हनून."

"म्हंजे गोटे सरले," पानवाला म्हणायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून झेंड्यासाठी एकमेकांवर गोटे, म्हणजे दगड, फेकतात, ती आमची गोटमार. पांढुर्ण्यातल्या माणसाला जगाचा इतिहास समजायला गोटमारीपलीकडे फारसं काही लागत नाही.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली गणेश मंडळाने ठरवलं, की यंदा पांढुर्णा आणि सावरगाव मिळून एक कार्यक्रम करायचा. गुरुजींनी ताबडतोब ती पार्लमेंट सुचवली, लिहून काढली आणि सगळ्यांना शिकवायलाही घेतली. विषय असा, की आयर्लंडचे लोक म्हणतात, आमचा कारभार आम्हाला करू द्या. ग्लॅडस्टन तसं विधेयक मांडतो. खालचं सभागृह ते मंजूर करतं, वरचं लॉर्ड लोकांचं सभागृह धुडकावून लावतं. खेळ खलास. ग्लॅडस्टन कोण होणार, हे गुरुजींनी विचारलंच नाही. स्वतःच्या लग्नात नवरदेव कोण, हे कुणी विचारतं का?

मंडळाचे अध्यक्ष चिंधूभाऊ, सायकलवाले. ते म्हणाले, "पंतप्रधान ऐंशीच्या वरचा आहे म्हनता ना? मंग केस पांढरे पायजेत. वामनराव फिट बसतात."

"केस रंगवता येतात," गुरुजी म्हणाले.

चिंधूभाऊंनी गुरुजींच्या डोक्याकडे पाहिलं. "रंगवाले बी काही पायजे ना, गुरुजी."

"पन लिहिलं मी!"

"म्हनून त तुमाले सभापती केलं. उंच खुर्ची, हातात घंटी. सगळ्याइच्या वर!"

गुरुजी दोन दिवस पानठेल्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकदम प्रसन्न दिसले. रविवारी ते मोहगावला जाऊन आले. पुंडलिकराव कार्यक्रमाचे पाहुणे होते. पुढच्या रांगेतले सोफे हेच लॉर्डांचं सभागृह आणि त्याचे मुख्य लॉर्ड मामाजी, असं गुरुजींनी ठरवून टाकलं होतं. "तुमाले एकच शब्द आहे, मामाजी. मी विधेयक घेऊन खाली येईन, तुमी उभं राहून म्हनायचं, 'नामंजूर'. बस." मामाजींनी तो शब्द चारदा म्हणून दाखवला. विधेयक कुणाचं, ते गुरुजींनी सांगितलं नाही आणि मामाजींनी विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. गोटमार होऊन अजून आठवडा उलटला नव्हता. गुरुजींनी दोन्ही पक्षांत दोन्ही गावांची माणसं सारखी पेरली होती, तालमीत ती तशी बसतही होती. पण लोक पाहायला जमल्यावर सावरगावचे सगळे उठून वामनरावांच्या बाजूला गेले आणि पांढुर्ण्याचे सगळे समोर. मधे सतरंजी होती, तिची आपोआप जाम नदी झाली. आमच्या गल्लीतला श्रीधर सरकारी पक्षाचा, पण तो विरोधी बाकावर ठाण मांडून बसला. त्याच्या डोक्याला पट्टी होती, आणि त्यामागचा दगड समोरच्याच बाकावरून आला होता, अशी त्याची खात्री होती.

"श्रीधर, तू तिकडचा आहेस," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले.

"गुरुजी, पार्लमेंट तुमची आहे, पन डोस्कं माहं आहे."

मी आयरिश सभासद होतो. ज्यांच्या बाजूने मला बोलायचं होतं, त्यांच्या विरुद्ध बाकावर मीही मुकाट्याने बसलो. मला पांढुर्ण्यातच राहायचं होतं.

वामनराव उभे राहिले. काळा कोट, उंच टोपी, पांढऱ्या मिशा. बायकांच्या बाजूने "अगं बाई!" असा आवाज आला. गुरुजींनी घंटा उगीचच एकदा वाजवली. पाठ केलेलं भाषण वामनराव दुसऱ्या वाक्याला विसरले, आणि तिथेच गुरुजींचा घात झाला, कारण मग ते आपल्या मनाचं बोलायला लागले.

"आयर्लंडवाले काई वाईट लोक नाईत. धाकट्या भावासारखे आहेत. तो म्हनते, माह्या वावरात कोनतं झाड लावाचं ते मले ठरवू द्या. आता थोरल्यानं कायले नाही म्हनावं? चूल वेगळी केली म्हनून भाऊ वैरी होते का? पोळ्याले बैल त एकाच तोरनाखालून जातात ना!"

घंटा वाजली. "विषयाला धरून बोला. विधेयकात बैल नाहीत."

"बैल नसतीन, सभापती महाराज. भाऊ त आहेत ना जी?"

मांडव टाळ्यांनी हादरला. पांढुर्ण्याच्या बायकांनीसुद्धा पदर डोळ्यांना लावले. गुरुजींचा चेहरा असा झाला, की जणू त्यांच्या वावरातलं पीक दुसराच कापून नेतो आहे. पुढे वामनरावांनी तोंड उघडलं की घंटा, श्वास घेतला की घंटा. शेवटी पुंडलिकरावांनीच पुढून हाक दिली, "गुरुजी, बोलू द्या ना त्याइले, चांगलं बोलून राहिले!"

मग मतदान. होवाले उजवीकडे, नाहीवाले डावीकडे. आयर्लंडशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. जो तो आपल्या तीरावर उभा राहिला आणि डोकी मोजली तर दोन्हीकडे सारखी. म्हणजे निकाल सभापतींच्या मतावर. "पाडा, गुरुजी, पाडा!" पांढुर्णेकर ओरडायला लागले. गुरुजी उठले, वामनरावांकडे पाहून गोड हसले आणि म्हणाले, "मंजूर."

आमच्या बाकावर सुतक पडलं. श्रीधरने तर डोक्याची पट्टीच सोडायला घेतली. पण गुरुजी कागद घेऊन मंचावरून उतरले, थेट सोफ्यांपुढे जाऊन उभे राहिले. "विधेयक आता वरच्या सभागृहापुढे आहे. लॉर्ड महाराज, आपला निर्णय?"

पुंडलिकराव उभे राहिले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गुरुजींच्या मागे वामनराव टोपी काखेत घेऊन, हात जोडून उभे होते.

"हे कोन मांगून राहिलं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"पंतप्रधान. ग्लॅडस्टन."

"ते असो. मले त आमचे जवाई दिसून राहिले. भर मांडवात जवायाले नाही म्हनू?"

"मामाजी, इतिहासात नाहीच म्हटलं!"

"इतिहासानं पोरी नाही देल्या कोनाले. मी देल्या."

मांडवात हशा पिकला. सभापतीचा कापसाचा टोप गुरुजींच्या एका कानावर आला होता, तो त्यांनी काढूनच टाकला. आणि आम्ही कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "मामाजी, मी बी जवाईच आहो. मी मांगून राहिलो. नाही म्हना."

पुंडलिकराव एक पाऊल पुढे आले.

"दर दिवाळीले इचारतो तुमाले, काय पायजे. तुमी म्हनता, आशीर्वाद असू द्या. आता आशीर्वाद काय पिशवीत घालून देऊ? वामनराव मांगतात, मी देतो. मांगनाऱ्याचं सोपं असते. तुमाले काय द्यावं तेच समजत नाही, म्हनून तब्येत इचारतो." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "आज पयल्यांदा मांगितलं. अन् मांगून मांगून काय मांगितलं, त नाही! घ्या, जवाईबापू. नामंजूर!"

पांढुर्ण्याने जो गिल्ला केला, तो गोटमारीचा झेंडा मिळाल्यावरही होत नाही. चिंधूभाऊंनी गुरुजींना खांद्यावर घेतलं. वीस वर्षांची जळजळ एका शब्दात थंडावली होती आणि गुरुजी वरून चांदण्यासारखे हसत होते.

हे किती टिकलं म्हणाल? वामनरावांनी टोपी बाजूला ठेवली, सासऱ्यांच्या पाया पडले, आणि स्वतःच हात उंचावून गर्जले, "सभापती महाराजाइचा विजय असो!"

"पाहा वो माय," बायकांत एक म्हणाली, "हारला, पन मन किती मोठं!"

मग सगळा मांडव वामनरावांचं मन पाहत बसला. जिंकलेले गुरुजी कुणाच्या लक्षातच राहिले नाहीत. चिंधूभाऊंनीसुद्धा त्यांना खाली ठेवलं आणि वामनरावांना भेटायला गेले.

परत जाताना मी गुरुजींबरोबर होतो. वच्छलाबाई दोन पावलं पुढे.

"इतिहास वाचवला," गुरुजी स्वतःशीच म्हणाले.

"वाचवला," वच्छलाबाई मागे न पाहता म्हणाल्या. "अन् बाबाची भुरी म्हैस गेली सावरगावले."

"कोनती? ते पंधरा दिवसात वियाची आहे ते?"

"हाव."

"वामनरावानं मांगितली?"

"मांगितली नाही. बाबाले वाईट वाटलं. भर लोकात जवाई हारला, म्हने, खाली हातानं कसा पाठवू?"

गुरुजी रस्त्यातच उभे राहिले. मग हळूच विचारलं, "म्हंजे मी हारलो असतो त..."

"त उद्या सकाळी शेन काढाले उठा लागलं असतं तुमाले," वच्छलाबाई म्हणाल्या. "चला आता."