तारखेची रिकामी जागा

रिकाम्या जागेचा इतका मान राखणारा माणूस सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत माझ्या मावसभावाखेरीज दुसरा झाला नसेल. कराडला मी ज्या वाचनालयात बसते, तिथला पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला. तासगावहून एसटीनं यायचा आणि आल्या आल्या समोरच्या टपरीवाल्याला बजावायचा, "आज मी नुसती बोटं दाखवणार. जेवढी बोटं तेवढं चहा, बिनसाखरंचं." मग दिवसभर खिडकीतून मुकाट्यानं एक नाहीतर दोन बोटं. वाक्य एकदाच तयार करायचं, आकड्याची जागा मोकळी सोडायची, नंतर नुसता आकडा पाठवायचा. डेटाबेसशीही असंच बोलतात, म्हणे. एका दुपारी टपरीवर मालकाचा मेहुणा बसला होता. यानं दोन बोटं दाखवताच तो ओरडला, "आवं, ती सोय स्टँडावर हाय, हितं न्हाई!" मी हसून बेजार. हा मात्र गंभीर. "चूक माझीच, अक्का. समोरचा बदलला की वाक्य नव्यानं तयार करायला लागतंय," म्हणत खाली जाऊन सगळं पुन्हा सांगून आला.

त्याचा डबा तीन पुडांचा. भाजी नसली तरी मधल्या पुडावर 'भाजी' अशी चिठ्ठी. "अरे, रिकामाच आहे ना तो?" "रिकामा हाय, पर कशाचा रिकामा ते सांगाय नको व्हय?" मग समजावलं. पुस्तक परत आलं नसेल तर परतीची तारीख रिकामी जाते. पण प्रोग्रॅमचा निरोप डेटाबेसकडे पोचवणारा जो ड्रायव्हर असतो, त्याला ही जागा तारखेची आहे हे सांगावं लागतं. नुसतं 'काही नाही' म्हटलं, तर काही ड्रायव्हर अडून बसतात. "आकडा न्हाई, नाव न्हाई, तारीखच, फकस्त अजून आलेली न्हाई."

गेल्या थंडीत तो गेला. त्याच्या नावावर एक पुस्तक राहिलं. वहिनीनं घर धुंडाळलं, सापडलं नाही. दुसरी प्रत मी आणून कपाटात ठेवली. पण आमचे सचिव म्हणतात, "बाई, कुठलीतरी तारीख घाला आणि त्यांचं खातं बंद करा." रोज मी ती नोंद उघडते. नाव आहे, पुस्तक नेल्याची तारीख आहे. शेवटच्या चौकटीत आजची तारीख टाकली, की तो येऊन पुस्तक देऊन गेला असं होईल. आणि तो तर आलाच नाही.

काल सचिव समोर येऊन बसले. "अजून रिकामंच?"

"रिकामं आहे," मी म्हटलं, "पण तारखेचं आहे."

मी खिडकीतून टपरीकडे दोन बोटं दाखवली. बिनसाखरेचे दोन चहा आले.