साहेबांची सिगार कशी निघाली?

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. गिरणीत काम केलेल्या माणसाच्या अंगावर कापूस बसतो ना, तसे ते बसतात. घरी येऊन कितीही झटका, केसांत एखादा राहतोच! दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या बऱ्याच आधी मी सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. तेव्हाचे जे किस्से माझ्याकडे राहिलेत, ते जवळजवळ सगळे एकाच गोष्टीचे. मोठ्या साहेबांच्या सिगारचे!

साहेब म्हणजे आमचे इंग्रज मॅनेजर. उंच, लालबुंद, तापट. दुपारचं जेवण झालं की सिगार पेटवायचे आणि मग कागद हातात घ्यायचे. सिगार चांगली निघाली तर रजा मंजूर, बढती मंजूर. वाईट निघाली तर समोरच्याचं काही खरं नाही. त्यामुळे केबिनमधून बाहेर येणाऱ्याला सगळं ऑफिस माना वर करून एकच विचारायचं, "कशी निघाली?"

साहेबांची पारख बघण्यासारखी होती. सिगार कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबायची, नाकाखालून फिरवायची, टोक कापायचं. पहिला झुरका तोंडात घोळवून छताकडे सोडायचा. मग राख. पांढरी राख टोकाला घट्ट टिकून राहिली तर ठीक. काळी राख भसकन टेबलावर पडली की आम्ही देवाचं नाव घ्यायचो.

*

एकदा मद्रासहून नवी पेटी आली. एकच झुरका घेऊन साहेब गरजले, "कोबी! नुसता कोबी! लिहा त्या दुकानदाराला!"

आमचे हेडक्लार्क नाना देव साहेबांचा शब्द इकडचा तिकडे करायचे नाहीत. त्यांनी लिहिलं, 'आपण पाठवलेला कोबी मिळाला. तो अत्यंत निकृष्ट आहे.' उलट टपाली उत्तर आलं, 'आम्ही भाजीपाला विकत नाही. कृपया पत्ता तपासावा.'

साहेबांनी ते वाचलं आणि पत्र नानांपुढे सरकवलं.  म्हणाले, "नाना, पुढची भाजी तुमी आणा!"

*

सोलापूरचा उन्हाळा सिगारला सोसत नाही. मे महिन्यात ती पापडासारखी तडकायची. पेट्या सांभाळायचं काम स्टोअरकीपर उस्मानभाईंकडे. एक दिवस साहेबांनी दम भरला, "तडकलेली सिगार पुना दिसली तर तू घरी!"

उस्मानभाईंच्या घरी खाणारी तोंडं बरीच आणि कमावणारे हे एकटेच. त्यांनी डोकं लढवलं. पेटी ओल्या वाळ्यात गुंडाळून माठाला चिकटवून ठेवली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यातली सिगार उचलली. मऊ, तुकतुकीत, एक चीर नाही. उस्मानभाई दाराशी उभे राहून ओठातल्या ओठात दुवा मागत होते. एक झुरका. दुसरा झुरका. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"उस्मान!"

"जी साब!"

"ही सिगार नाय. हे सरबत हाय!"

नोकरी मात्र राहिली. सिगार तडकलेली नव्हती, आणि साहेब शब्दाचे पक्के!

*

नानांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. एकदा ऑफिसच्या बढत्यांचा कागद घेऊन ते आत गेले. त्यात आम्हा सगळ्यांची नावं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि सिगारच पुढे केली.

"नाना, तुमी सगळ्याला येस सर, येस सर करता. आज ही ओढा आणि खरं सांगा."

आम्ही दाराच्या फटीला चिकटलो. नाही म्हणावं तर बढत्या बुडाल्या. नानांनी डोळे मिटले, झुरका घेतला आणि धूर चक्क गिळला!

"कशी हाय?"

"फर्स्ट क्लास, सर!"

"फर्स्ट क्लास? ती पेटी मी आत्ता परत पाठवतो हाय!"

नानांचे डोळे पाण्याने भरलेले, ठसका आवरत नव्हता. तशातच म्हणाले, "तेच सर... परत पाठवायला फर्स्ट क्लास!"

साहेब टेबलावर हात आपटून हसले आणि सही केली. नाना मात्र दोन दिवस जेवले नाहीत.

*

कापसाच्या गोदामावर मैंदर्गीचा बसप्पा पहारेकरी होता. आत विस्तव न्यायची सक्त बंदी. एक ठिणगी पडली असती तर गिरणी, माणसं, काही उरलं नसतं. आणि एके दिवशी साहेबच कशावरून तरी भडकून, तोंडात पेटती सिगार तशीच ठेवून तिकडे निघाले! मागून आम्ही धावतोय, पण "सर, सिगार!" म्हणायची कुणाची छाती होईना.

बसप्पा दारात काठी आडवी धरून उभा राहिला. "साहेब, हितं बिडी बंद हाय."

साहेब ओरडले, "ही बिडी नाय! सिगार हाय!"

बसप्पाने पुढे वाकून वास घेतला. "न्हाय वो साहेब, वास तर बिडीचाच येतोय की!"

 साहेबांनी सिगार काढली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि वाळूच्या बादलीत खुपसली.

"खरं बोलला," म्हणाले आणि आत गेले.

*

साहेब गिरणी सोडून का गेले, असं जुने लोक अजून विचारतात. त्या दिवशी मी टिपणं घ्यायला खोलीत होतो, म्हणून सांगतो.

आमच्या धोतरांचे गठ्ठे व्यापाऱ्यांनी परत पाठवले होते. धागा तुटत होता. चौकशीला मालकांचे मुंबईचे एजंट आले. त्या धोतरांसाठी स्वस्तातलं सूत त्यांनीच खरेदी केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांना हवा होता विणकामाच्या साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, नरसय्या. "विणणाऱ्याचा दोष. आजच काढा त्याला," ते इंग्रजीत म्हणाले. नरसय्या हात जोडून भिंतीशी उभा. त्याला इंग्रजी कळत नव्हतं. बाहेर त्याचे साचेवाले काम थांबवून पटांगणात जमले होते. गिरणी इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

साहेबांचा करार त्याच वर्षी संपत होता आणि नवा करणं एजंटांच्या हातात होतं.

एजंटांनी चांदीच्या डबीतून सिगार काढून साहेबांना दिली. "खास हवानाची आहे. घ्या."

साहेबांनी पेटवली. झुरका घेतला. राख काळी, आणि लगेच पडली.  

"कशी आहे?" एजंटांनी विचारलं.

साहेबांनी सिगार काढून टेबलावरच्या सुताच्या लडीशेजारी ठेवली. हळू आवाजात म्हणाले, "वळणाऱ्याने चांगली वळली आहे. त्याचा दोष नाही. पानच कुजकं आहे."

एजंटांचा चेहरा उतरला. "मी जॉबरबद्दल बोलत होतो."

"मी सिगारबद्दल बोलतो आहे."

 मग एजंटांनी टोपी उचलली. "राहू दे जॉबरला. तुमच्या कराराचं मात्र मुंबईला गेल्यावर बघू." आणि निघून गेले.

नरसय्याने घाबरत मला विचारलं, "साहेब काय बोलले? मी घरी जायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "साच्यावर जा."

तो धावतच गेला. थोड्या वेळाने साचे धडधडू लागले. मी कागद आवरून दाराशी पोचलो आणि मागे वळून पाहिलं. साहेबांनी तीच कुजक्या पानाची सिगार उचलून पुन्हा पेटवली होती. खिडकीशी उभं राहून त्यांनी ती शेवटपर्यंत ओढली.