चित्रातल्या बाईचा डावा हात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिक्रापूरच्या शाळेत सातवीच्या वह्या तपासत होते. फोनवर माझे मिस्टर होते. "आई गेली... तू ये," एवढंच म्हणाले. तळेगाव ढमढेरेला घरी पोचेपर्यंत रिक्षा ट्रकांच्या मागे अडकत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सकाळी निघताना आत्यांनी विचारलं होतं, "डबा घेतलास का?" आणि मी मागे न बघताच "हो" म्हणाले होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जाऊन आता दोन महिने होतील.

शिक्रापूरच्या एका कारखान्यात त्या कितीतरी वर्षं चेकिंगला होत्या. परदेशातल्या संग्रहालयांच्या दुकानांत विकायचे किचन टॉवेल, ॲप्रन, गरम भांडी धरायचे हातमोजे तिथं तयार होत, आणि त्या सगळ्यांवर जुनी गाजलेली चित्रं छापलेली असत. शिवण चुकलेले, रंग पसरलेले पीस कामगार बायकांना घरी न्यायला मिळत. त्यामुळे दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा स्वयंपाकघर बघून चक्रावलेच. भाकरीच्या दुरडीवर कुठलीशी राणी पसरलेली, मिक्सरवर पंखवाली बाळं, पिठाच्या डब्यावर दाढीवाला सरदार! आत्यांना एकाही चित्रकाराचं नाव ठाऊक नव्हतं, पण माणसं सगळी घरची झाली होती. "त्या दाढीवाल्याला धुवायला टाक, लई कळकट झालाय," असं त्या सहज म्हणत. एक नियम मात्र कडक. चित्रातल्या चेहऱ्यानं काही पुसायचं नाही, टॉवेल उलटा करून मागची कोरी बाजू वापरायची. "आपलं त्वांड कुनी वट्याला घासलं तर चालंल का?" असं त्यांचं म्हणणं.

चित्रातल्या माणसांना एवढा मान, आणि मला मात्र पहिली काही वर्षं रोज बोलणी. कारण मी डावखुरी. माहेरी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. इथं पहिल्याच दिवशी मी डाव्या हातानं पळी उचलली आणि आत्यांनी माझं मनगट धरलं. "त्या हातानं वाढायचं नसतं. जेवनाऱ्याचा अपमान हाय त्यो." मग मी उजव्या हातानं वाढू लागले. पळी त्या हातात नीट बसायचीच नाही. एकदा चुलत सासरे, आप्पा, जेवायला बसले होते, तर अख्खी पळीभर आमटी मी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. आत्यांनी मला आत बोलावून जे ऐकवलं ते मी विसरले नाही. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. मुलांना शिकवणारी बाई मी, आणि घरी वाढायची वेळ आली की बोलणी खायची.

मग कारखान्यात ते प्रकरण घडलं. टॉवेलचा एक नवा लॉट चेकिंगच्या टेबलावर आला होता. त्यावर जुन्या काळातली एक बाई, डोक्याला फडकं बांधलेली, तांब्याच्या पातेल्यातून डाव्या हातानं वाडग्यात काहीतरी वाढतेय. आत्यांनी एक पीस बघितला, दुसरा बघितला आणि सगळ्या लॉटला नापासाचे लाल स्टिकर लावून टाकले. छपाई उलटी झालीय, आरशातल्यासारखी, हे त्यांच्या लेखी पक्कं. कुणीतरी मंजूर झालेला नमुना दाखवला, तर म्हणाल्या, "मग नमुनाबी उलटाच हाय!" लाइन थांबली. शेवटी साहेब लॅपटॉप घेऊन आले आणि त्यांनी संग्रहालयातलं मूळ चित्र उघडून दाखवलं. बाई डाव्याच हातानं वाढत होती. सगळ्या बायका हसल्या. लावलेले स्टिकर एकेक करून काढण्यात आत्यांची सगळी दुपार गेली.

हे सगळं त्यांनी स्वतःच मला सांगितलं, संध्याकाळी भाकरी थापता थापता. त्याच लॉटमधला, रंगाचा डाग पडलेला एक पीस त्यांनी पिशवीतून काढला आणि ओट्यावर पसरला. बराच वेळ बघत राहिल्या.

"चारशे वर्सं झाली म्हनं हिला," त्या म्हणाल्या. "येवढ्या लोकांनी बघितली. कुनी तिचा हात बदलला न्हाई..."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी ओट्याच्या उजवीकडचा खिळा उपटला, बत्त्यानं डावीकडं ठोकला आणि त्यावर तो टॉवेल अडकवला. मला वाटलं, चित्र नीट दिसावं म्हणून केलं असेल. त्या दिवसापासून मी डाव्या हातानं वाढू लागले आणि त्यांनी अडवलं नाही. पुढच्या वेळी आप्पा जेवायला आले, तेव्हा माझ्या डाव्या हातातली पळी बघून ते खाकरले. "सूनबाई, त्यो हात..." आत्या लगेच म्हणाल्या, "आप्पा, तिचा वाढायचा हात त्योच हाय. तुम्ही जेवा." आमटीचा एक थेंबही सांडला नाही.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही दोघी त्या ओट्याशी होतो. भांडलो, पण हातावरून कधीच नाही.

गेल्या रविवारी मिस्टर चहा करायला उभे राहिले. दूध उतू गेलं तसा त्यांनी टॉवेलसाठी उजवा हात शेगडीवरून पलीकडं टाकला आणि वाफेनं भाजून मागे घेतला. "हा खिळा असा गैरसोयीच्या जागी कुणी ठोकलाय? आईला कसं जमायचं गं?"

आत्या उजव्या हाताच्या होत्या; डावीकडचा खिळा सोयीचा होता तो फक्त मला. नऊ वर्षं, दोन्ही वेळचा स्वयंपाक करताना, त्या असाच हात पलीकडं टाकत होत्या आणि एकदाही बोलल्या नाहीत. मला रडू आवरेना.

मिस्टर गोंधळले. "थांब, मी बदलतो तो," म्हणून बत्ता शोधू लागले.

"राहू द्या," मी म्हणाले. डाव्या हातानं टॉवेल काढला, उलटा केला आणि सांडलेलं दूध पुसून घेतलं.