अध्यक्षांची शाल

ज्या माणसाच्या सहीवर माझं परदेशातलं वर्ष अवलंबून होतं, त्याच्यासाठी आणलेली शाल मी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली झेंडीही मीच दाखवली. चूक एवढीच. बाकी तयारी अगदी चोख होती.

मी ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. ढगांचे प्रकार इतकी वर्षं शिकवलेत की फळ्यालाही ते पाठ झाले असावेत. त्यातून वेळ काढून आमच्या भागातल्या जुन्या गावतलावांवर काहीबाही लिहीत असतो. असाच एक लेख परदेशातल्या एका प्राध्यापक बाईंच्या वाचनात आला. त्यांनी विचारलं, वर्षभर इकडे येता का? आठवड्यातून एक वर्ग शिकवायचा, उरलेल्या वेळात संशोधन. आणि त्यांच्या ग्रंथालयात आमच्याच तलावांचे जुने, हातानं काढलेले नकाशे होते. आमच्या तलावांचे नकाशे आमच्याकडे नाहीत, समुद्रापलीकडे आहेत. ते एकदा टेबलावर पसरून बघावेत, एवढीच माझी हाव होती. मोठी नव्हती, पण होती.

अट एकच. आमच्या संस्थेनं मला वर्षाची अभ्यासरजा द्यायची. प्राचार्यांनी शिफारस केली, अर्ज संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर पोचला. प्राचार्य म्हणाले, "आता सही होईपर्यंत तोंड बंद ठेवा."

तोंड बंद ठेवणं हा माझा विषय कधीच नव्हता. मी केस कापणाऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, नागभीडच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनंही बिनपगारी रजेचा अर्ज दिला होता. तिची रजा चुपचाप मंजूर झाली. तिनं ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. तिला तिकडे काही संशोधन करायचं नव्हतं. तिला फक्त एक वर्ष सकाळी उठून डबा न भरता जगायचं होतं.

मी नागपूरहून जाडजूड कोट आणला. संध्याकाळी तो घालून आरशासमोर इंग्रजीतून व्याख्यान द्यायचो. बायको समोर लाखोळीची डाळ निवडत बसायची. एकदा म्हणाली, "तुमचा वर्ग झोपला जी. हळू बोला, उठन."

जानेवारीत आमच्या गावात, सावली तालुक्याच्या बाजूला, शंकरपट भरला. धान निघालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करून बैलजोड्या पळवायच्या, सगळ्या पंचक्रोशीनं बघायला यायचं. यात एक रीत मोडत नाही. उद्घाटक झेंडी दाखवतो तेव्हाच पहिली जोडी सुटते. तोवर कोणाचाही बैल पळत नाही. त्या वर्षीचे उद्घाटक आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते. सकाळची थंडी होती म्हणून मी कोट घालून गेलो. थंडी होती हे खरं. ती कोटाएवढी नव्हती, हेही खरं.

अध्यक्ष वाटेत दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते. बैल तापले, माणसं तापली. माझा चुलतभाऊ पट समितीचा प्रमुख. लाउडस्पीकर त्याच्या हातात. त्याची नजर माझ्या कोटावर पडली आणि तो गरजला, "आपले सर विदेशात चालले! पायना, कोट घालूनच आले! काऊन थांबाचं? यायच्याच हातानं उद्घाटन होऊन जाऊ द्या!"

आमच्याकडे मानाला दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, अशी पद्धत आहे. मी एकदाच नाही म्हणालो, तेही माइक हातात घेऊन. त्यामुळे ते नाही सगळ्या रानाला ऐकू गेलं आणि कोणालाच पटलं नाही. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. पुढे मी भाषण केलं. तलाव, पूर्वज, ज्ञान, जग असं सगळं त्यात आलं. "येत्या जूनमध्ये मी जात आहे," असं मी ठणकावून सांगितलं. खाली जोडी धरून उभा असलेला एक गडी ओरडला, "सर, बैल मुतून राह्यले, आवरा!" मग मी झेंडी दाखवली.

जोडी सुटली, धूळ उडाली आणि त्या धुळीतून अध्यक्षांची पांढरी गाडी आली. ते उतरले तेव्हा एकही मान त्यांच्याकडे वळली नाही. सगळ्या बैलांच्या मागे होत्या. शाल एकच आणलेली होती. चुलतभावानं धावपळ करून कोणाच्या तरी गळ्यातला दुपट्टा काढला आणि अध्यक्षांच्या गळ्यात घातला. अध्यक्ष हसले. माझ्याजवळ येऊन शालीचा काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "छान दिसता, सर."

मला ते कौतुक वाटलं! घरी येताना बायको म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन शाल देऊन या. माफी मागा."

"वापरलेली शाल कोणी परत देते का? अपमान होईल त्यांचा."

घरी पोचल्यावर तिनं शाल घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

मग वाट पाहणं सुरू झालं. परदेशी बाई दर थोड्या दिवसांनी नम्रपणे विचारायच्या, मी नम्रपणे कळवायचो की होतंय. शेवटी अध्यक्षांनी बोलावलं. चहा दिला, बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

"सर, तुमचा अर्ज वाचला. अभिमान वाटला."

"आपली सही झाली की..."

"तेच बोलायचं आहे. तुमच्यासारखा माणूस वर्षभर नसला तर आमचं कसं व्हायचं? गावागावांत तुम्हाला मान आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ना! कार्यक्रमाला मी नसलो तरी चालतं, तुम्ही लागताच."

"साहेब, त्या दिवशी ते..."

"चहा थंड होतोय," ते म्हणाले. "आणि महाविद्यालयाचं मूल्यांकन आहे यंदा. त्या समितीचे प्रमुख तुम्हीच. हा मान दुसऱ्या कोणाला देणं मला बरं वाटणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी मला मान दिला, आणि मानाशी भांडणं मला येत नाही. ते मला येत नाही हे त्यांना पटाच्या दिवशीच कळलं होतं. मी चहा प्यायलो. बिस्किटही खाल्लं, याची लाज मला अजून वाटते.

परदेशी बाईंनी लिहिलं, समजू शकते, पुढे कधी तरी. माझी जागा दुसऱ्या कोणाला गेली. नकाशे तिथेच आहेत, कोणीतरी उघडत असेल. बायकोनं रजा मागे घेतली. तिला शाळेत कोणी एका शब्दानं विचारलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. जूनमध्ये ती पुन्हा पहाटे उठून डबे भरू लागली.

मला मात्र सगळा तालुका विचारायचा. सुरुवातीला मी खरं सांगायचो. रजा, सही, संस्था. ऐकणाऱ्याचे डोळे दुसऱ्याच वाक्याला भिरभिरायचे. मग काहींनी आपणच ठरवून टाकलं की मी जाऊन आलो. "कवा आले सर तिकडून?" असं कोणी विचारलं की मी म्हणायला लागलो, "झाले थोडे दिवस."

पुढच्या जानेवारीत पुन्हा पट. पुन्हा तोच कोट, दुसरा उपयोग काय त्याचा? या वेळी आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. पुढे मंचावर अध्यक्ष, त्यांच्या खांद्यावर नवी शाल. शेजारचा म्हातारा माझ्या कोटावरून हात फिरवत म्हणाला, "तिकडं लय थंडी असन ना, सर?"

"लय," मी म्हणालो. "सकाळी दार उघडावं तर बर्फ. पार गुडघ्यापर्यंत."

म्हातारा च्‌च्‌ करत राहिला. बायको सगळं ऐकत होती. समोर पहिली जोडी उभी होती. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, दोघा गड्यांनी धरलेली, तरी जागच्या जागी. अध्यक्षांनी सावकाश चष्मा पुसला, सावकाश झेंडी उचलली. झेंडी खाली आली आणि बैल सुटले.

धूळ बसायच्या आत बायको माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बैल तरी झेंडीची वाट पायते जी. तुमाले तेवढंई जमलं नाई."