एक रोट, बेरीज एक

आमच्या खानदानात आजवर एकच चोरी झाली आणि ती भूमिती श्रेढी शिकवण्यासाठी झाली. चोर मी. नाव मात्र सुशीलाचं झालं, माझ्या धाकट्या भावाच्या, नानाच्या बायकोचं.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घेऊन, दळून त्याचे रोट करतात, जाड आणि खरपूस. नियम दोन. रोट भाऊबंदांबाहेर कुणाच्या तोंडी जायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. आमची माय हे नियम सरकारी कायद्यांपेक्षा मोठे मानायची. (सरकारी कायद्यांचं म्हणाल तर एस.टी.त अर्ध्या तिकिटासाठी तिने माझं वय कित्येक वर्षं वाढू दिलं नव्हतं.)

मी तेव्हा एरंडोलला गणित शिकवायचो. अनंत पदांची बेरीज एकच कशी भरते, हे काही केल्या वर्गाला पटेना. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी डब्यात गुपचूप एक रोट घातला. वर्गात तो त्रिकोणी कापला. त्यातून मधला त्रिकोण काढला, म्हणजे पाव रोट गेला. उरलेल्या तिन्ही त्रिकोणांचे मधले काढले, मग नऊंचे. दर खेपेला आधीच्या पाऊणपट रोट निघत होता आणि पहिल्या बाकापासून पोरांच्या तोंडात जात होता. यालाच फ्रॅक्टल म्हणतात, आणि असंच काढत गेलं तर काढलेल्याची बेरीज बरोबर एक, असं मी फळ्यावर लिहिलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बेरीज एक म्हणजे बठ्ठा रोट गया ना?"

"गेला."

"मंग हाई जाळी कसानी शे?"

रोट सगळा गेला तर हातात उरलेली ही जाळी कशाची, इतका चांगला प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही. मी उत्तर देणार तोच जाळीचा भुगा झाला आणि वर्गाने पुरावा खाऊन टाकला.

घरी आलो तर माय रोट मोजत बसलेली.

"एक रोट कोठे गया?"

"मोजण्यात चूक होते, माय."

"तू गणितना मास्तर शे ना?"

तिथेच सांगायला हवं होतं. पण अठरापगड पोरांनी रोट खाल्ला, हे मायला सांगणं म्हणजे देव्हाऱ्यासकट घर बुडवणं. मी डबा घासायला गेलो. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की सुशीला आदल्या संध्याकाळी बोदवडला माहेरी गेली, आणि पिशवी जड होती. दिवे लागेपर्यंत सुशीलाने दोन रोट नेले होते. गल्लीच्या टोकाशी चार. मारुतीच्या पारावर आठ. माझ्या वर्गाला न समजलेली श्रेढी गावाला उपजतच येत होती.

नाना माझ्याकडे आला. "आबा, तू तरी सांग, ती असं करेल का?"

मी म्हणालो, "जाऊ दे रे, एका रोटाचं काय."

पुढच्या श्रावणात त्याने धुळ्याला वेगळी कानबाई बसवली. मग आम्ही भाऊ लग्नात आणि मयतीला भेटू लागलो. पुढे नुसतेच मयतीला. माय गेली. गेल्या वर्षी नानाही गेला, तोच प्रश्न घेऊन.

यंदा कानबाईला मी धुळ्याला गेलो. सुशीला चुलीशी रोट भाजत होती. मी सगळं सांगितलं. तिने रोट उलटला.

"मला कशाला सांगता, आबा? मी नेला नाही हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही ते बाहेर बसलेत."

बाहेर ओट्यावर सगळे भाऊबंद होते. मी उभा राहिलो आणि सवयीने म्हणालो, "समजा, एक समभुज त्रिकोण आहे."

आमचा एक म्हातारा चुलतभाऊ कानामागे हात धरून म्हणाला, "कोन वारनं?" त्याला त्रिकोणातला कोणच ऐकू आला होता, आणि आम्ही भेटायचो ते कुणी वारलं तरच.

मग मात्र सरळ सांगितलं. रोट मी नेला, शाळेत वाटला, सुशीलाने हातही लावला नव्हता. कुणी हसलं नाही. मागून एकाने विचारलं, "मंग तवयच का नही सांगं?"

सुशीलाने ताट वाढलं. त्यात अर्धा रोट.

"अर्धाच?"

"अर्धा राग गेला. पुढच्या वर्षी या, उरल्यातला अर्धा जाईल. त्याच्या पुढच्या वर्षी, त्यातला अर्धा."

"आणि पुरता कधी जाणार?"

"ते तुम्हीच शिकवायचात ना?"

मी घास चावत हिशोब केला. बेरीज एक भरते, यात शंका नाही, फक्त पदं अनंत लागतात. ती मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांकडून मांडून घेतली. स्वतःवर वेळ आली तेव्हा माझं वय अठ्ठ्याहत्तर, आणि डॉक्टरांच्या मते हातात फार तर दोन-तीन पदं.