सिद्धव्वाच्या घरातली बुचं

बुचं काय नि किस्से काय, टाकायचं म्हटलं की माझा हातच उचलत नाही. साठतच जातात! चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं गेस्ट हाऊस मी सांभाळते. परदेशी पाहुणे येतात, जेवणाबरोबर वाईन घेतात आणि बुचं आम्हाला सोडून जातात. एकदा साहेबांनी स्टेपलर शोधायला माझा ड्रॉवर उघडला. आत नुसती बुचं! हळूच म्हणाले, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

*

आमचा ड्रायव्हर महादेव घरी शेळ्या पाळतो. त्याचा बोकड दिसेल त्याला ढुशी मारायचा. मी दिलेली दोन बुचं पोखरून महादेवनं त्याच्या शिंगांच्या टोकांना बसवली.

आठवड्यानं विचारलं, "सुधारला का बोकड?"

"मारतोय की! पर लोकं हसत्यात, म्हणून त्यालाच लाज वाटाय लागलीया."

*

याच महादेवच्या घराची किल्ली दोनदा विहिरीत पडली. मग मी तिला तीन बुचं बांधून दिली. तिसऱ्यांदा पडली, ती तरंगली! गडी इतका खूश, की येईल त्याला किल्ली विहिरीत टाकून दाखवायला लागला. शेवटी बायको ओरडली, "आवो, आदी दार उगडा की!"

*

आमच्या स्वयंपाकीणबाई सिद्धव्वा मंद्रूपच्या. "दारूच्या बाटलीचं बूच? माज्या घरात? न्हाय!" पण त्यांच्या पातेल्याच्या झाकणाची मूठ तुटली आणि रोज चटके बसायला लागले. मी बुचात स्क्रू पिळून मूठ करून दिली. महिनाभरात खुर्चीच्या पायांना बुचं, दार आपटू नये म्हणून बूच, गरम भांड्याखाली बुचं ओवून केलेली चकती!

"काय सिद्धव्वा, आता चालतात?"

"उकळून घेतल्यात की!"

*

मग त्यांच्या लेकीला, रेणुकाला, अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरलेला. मुलाच्या आईनं फोनवर एकच विचारलं होतं, "घरात कुनी पीत न्हाय न्हवं?" सिद्धव्वा म्हणाल्या होत्या, "शिवतबी न्हाय!"

पाहुणे आले त्या दिवशी मी मदतीला होते. पानं मांडली. सिद्धव्वांनी सवयीनं आमटीचं पातेलं त्या बुचांच्या चकतीवर ठेवलं.

मुलाच्या आईनं चष्मा लावला. खाली वाकून पाहिलं.

"ही बाटलीचीच बुचं न्हवं?"

सिद्धव्वांच्या तोंडालाच बूच बसलं. रेणुका दारात पांढरीफटक. मी गेस्ट हाऊसचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या बाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून पानाशेजारी ठेवला. त्याला चार बुचं बांधलेली!

"आमची हीर लई खोल हाय," त्या म्हणाल्या. "घाला आमटी, विहीणबाई!"