चार बोटं आखूड चौकट

अब्बांचा उजवा हात लकव्यानं गेला आणि आमच्या ब्रह्मपुरीच्या सुतारकामाच्या दुकानातला रंधा फळीवर जाऊन बसला. मी घरातली थोरली. कोणाला विचारलं नाही, सरळ दुकान उघडून बसले. दारं, चौकटी, दिवाण यांच्या ऑर्डरी घ्यायच्या, नागभीडच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून बनवून घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या.

चाचांना ते खुपलं. उंचपुरा माणूस, मान कायम ताठ, आणि आमच्या दुकानावर पोरासाठी डोळा. एक दिवस चार लोकांदेखत म्हणाले, "जो माल तुह्या हाती नाई, तो तू विकून राह्यली. हराम हाये हे!"

माझं डोकंच भणकलं. "हराम हाये का नाई ते मौलाना सांगतीन," म्हटलं आणि अब्बांना रिक्षात घालून थेट मशिदीत. चाचाही मागोमाग आले.

मौलाना उर्दूत बोलले, मी आपल्या बोलीत सांगते. जवळ नसलेला माल विकू नये हे खरं. पण सांगून बनवून घ्यायच्या वस्तूचा सौदा वेगळा, त्याला इस्तिसना म्हणतात, तो जायज आहे. लाकूड कोणतं, माप किती, घडण कशी, हे आधी पक्कं हवं. मग स्वतः बनव, नाही तर दुसऱ्याकडून बनवून घे. मात्र गिऱ्हाइकाशी तुझा सौदा एक आणि सुताराशी दुसरा. एकातली चूक दुसऱ्यावर ढकलायची नाही. ठरल्यासारखा माल नसेल तर न घेण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

चाचा गप्प बसणारे थोडेच! "ठीक हाये. पन ठरलेला माल एकदा जरी नाई देता आला, तर दुकान माह्या पोराले." "कबूल," मी म्हणून मोकळी.

पुढच्याच महिन्यात एका शेतकरी भाऊंनी नव्या घरासाठी सागवानाची चौकट सांगितली. आमच्याकडे खेड्यातली माणसं टेपवर भरवसा ठेवत नाहीत. अंबाडीची सुतळी लावून माप घेतात आणि गाठ मारून आणून देतात. मी तशाच गाठीची दुसरी सुतळी करून खिळ्याला टांगली आणि त्यांची जीपवाल्याच्या हाती नागभीडला धाडली. तिथंच माती खाल्ली. जीपमध्ये कोणाचं तरी मासळीचं टोपलं तिच्यावर गळत गेलं. सुतारानं सुतळी वाळवली, पण भिजून आखडलेली अंबाडी पहिल्यासारखी होते का कुठं?

चौकट आली, देखणी, आणि सोबत मासळीचा वास मारणारी भाऊंची सुतळी. मी खिळ्यावरची सुतळी लावली. चार बोटं आखूड! चौकटीची पूजा शुक्रवारी, आणि आज सोमवार.

अम्मी रडकुंडीला आली. "ते खिळ्यावरची सुतळी चुलीत टाक. म्हनाचं, माप तुमीच आखूड देल्लं. दुकान गेलं तं खाचं काय?"

"चूल माही हाये, पन माप त्यायचं हाये," मी म्हटलं आणि दोन्ही सुतळ्या घेऊन भाऊंच्या गावी गेले. "भाऊ, चौकट आखूड झाली. तुमचं माप बराबर होतं, सुतळी माह्याकडून भिजली. हे चौकट तुमाले मी देत नाई. शुक्रवारच्या आधी दुसरी आनतो."

भाऊ भडकले. "पाहुने बलावले न बाई म्या! नाई आनली तं?"

"तं साऱ्या बजारात माह्या नावानं बोंबला."

तिथून नागभीड. सुतार म्हणाला, "पोरी, तुहीच सुतळी होती, म्या तिच्यावरच बनवली." खरंच होतं ते. त्याची पहिली चौकट मी पैसे देऊन ठेवून घेतली आणि दुसरी नव्यानं सांगितली. तीन दिवस त्याच्या अंगणात ठाण मांडून बसले. गुरुवारी दुपारी चौकट भाऊंच्या दारात उतरली. त्यांनी सुतळी लावली, दोनदा लावली, आणि चहा सांगितला.

शनिवारी चाचा किल्ली मागायला आले. "आखूड बनवली म्हने!"

"आखूड माह्याजवळ हाये. ठरलेली त्यायच्या घराले लागली. जाऊन पाहा."

चाचा तरातरा आत निघाले, अब्बांशी बोलायला. दुकानामागच्या आमच्या राहत्या खोलीच्या दाराला कालच मी ती आखूड चौकट बसवून घेतली होती. वाया कशाला घालवू? कपाळ असं खणकन वाजलं की अम्मीनंही पदर तोंडाला लावला.

दुकान माझंच राहिलं. चाचा पुढं कितीतरी वर्षं येत राहिले, आणि दर खेपेला अब्बा आतून हाक मारायचे, "भाई, सर झुकाके!"